तिथे माणूस उभा आहे

निवडणूक आली की इतरांना भोंगे ऐकू येतात, मला इस्त्रीचा वास येतो. लोकरी ब्लेझरवर ओलं फडकं टाकून गरम इस्त्री फिरवली की निघतो ना, थोडा कुबट, थोडा जळका, तो. गेल्या आठवड्यात एका सकाळी आमच्या नव्या टॉवरखाली प्रचाराचा टेम्पो येऊन थांबला, त्यातल्या बाईनं माइक हातात घेतला आणि वर माझ्या स्वयंपाकघरात तो वास शिरला. घरात इस्त्री चालू नव्हती. तो ब्लेझर तर मी केव्हाच देऊन टाकलाय. गॅस बंद केला, खिडकी लावली, तरी वास काही जाईना. आई आतल्या खोलीतून ओरडली, "काय गो, काय करपला?" म्हणजे तिलाही आला असणार. मी म्हटलं, "काही नाही, दूध." हल्ली आम्ही मायलेकी एकमेकींशी असं बारीकसारीक खोटं बोलतो.

तो ब्लेझर आण्णांचा. आण्णा म्हणजे माझे वडील. कणकवलीकडच्या बौद्धवाडीतून पलटणीत भरती झाले, हवालदार होऊन पेन्शनीत आले, आणि मग डिलाईल रोडच्या आमच्या जुन्या चाळीत राहून लोअर परळच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. त्या जागी पूर्वी मिल होती आणि तिथे माझे आजोबा साच्यावर, म्हणजे मागावर, उभे असायचे. उभं राहणं हा आमच्या घराण्याचा धंदाच म्हणा. मी तरी दुसरं काय करते? परळच्या इस्पितळात दिवसभर लोकांच्या रक्ताचे नमुने घेत उभी असते.

तर या माणसाची इच्छा काय होती? बंगला नको, गाडी नको. मरायच्या आत एकदा आपल्या गल्लीतल्या शाळेत, आपल्या माणसांच्या रांगेत उभं राहून मत द्यायचं आणि बोटाला शाई लावून घरी यायचं. सत्तरी उलटली तरी आण्णांनी मत दिलं नव्हतं. आयुष्यात एकदाही नाही.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात, बाई काहीतरीच बोलतेय म्हणून. अहो, खरंच. नोकरीत असताना सैनिकाचं मत पोस्टानं जातं. नाव गावच्या पत्त्यावर, मतपत्रिका यायची पलटणीच्या पत्त्यावर, आणि पलटण तोवर तिसरीकडेच हललेली. "तिकडे सरकार बसला, पेढे वाटून झाले, मगे माझी मतपत्रिका डोंगर चढान इली," असं आण्णा हसत सांगायचे. पेन्शनीत आल्यावर गावच्या सैनिकांच्या यादीतून नाव गेलं आणि मुंबईच्या यादीत काही आलं नाही. गाववाले म्हणायचे, तू मुंबैकर. मुंबईतले म्हणायचे, काका, तुमचं नाव गावाला असेल बघा. ना घरचे ना घाटावरचे. तरी दर वेळी ते कडक कपडे करून शाळेत जायचे. यादी बघणारा बोट वरून खाली फिरवून म्हणायचा, "नाही हो नाव." आण्णा म्हणायचे, "बरं साहेब," आणि वळून घरी. माझ्या डोक्यात तिडीक जायची. "भांडा की जरा!" तर म्हणायचे, "हुकूम झालो, इषय संपलो."

पण विषय संपायचा नाही. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ते माझं आणि आईचं बोट हातात घेऊन बघत बसायचे. मी शाळेत असताना आईचंच बघायचे, पुढे माझंही. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे, ती कुणाची हे सांगायला नको. एकदा तिच्याकडे हात करून म्हणाले, "या माणसान आपल्याक काय दिल्यान? देऊळ नाय दिल्यान, जमीन नाय दिल्यान. मिलच्या शेटाक एक मत, तर माझ्या बापाशीकय एकच, ह्या दिल्यान. आणि ता मी एकदाय वापरूक नाय." "कोणत्या तोंडान जयभीम बोलू?" त्या रात्री आमच्याकडे कोणी धड जेवलं नाही.

मला आठवतो तो ऋतू म्हणजे आण्णांचा शेवटचा उन्हाळा. तेव्हाही निवडणूक तोंडावर आली होती. डांबर पायाला चिकटायचं, काळाचौकीच्या कोपऱ्यावर हापूसच्या पेट्या उघडून ठेवलेल्या असायच्या, आणि परळच्या निवडणूक कार्यालयासमोरच्या फुटपाथवर, त्या रणरणत्या उन्हात, डझनभर म्हातारे लोकरी ब्लेझर घालून एका रांगेत उभे. डोक्यावर पलटणीची टोपी, छातीवर पदकं, बूट असे की त्यात तोंड बघावं. ती आमच्या आण्णांची चळवळ.

तिचे पुढारी सुभेदार गावडे. काळाचौकीचे, दुसऱ्या पलटणीतले, आणि आण्णांच्या समोरच्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन. दोघं रोज रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना मालवणीतून टोमणे मारायचे. त्यातून एकदा कळलं की गावड्यांचंही नाव यादीत नाही. मग शोधायला लागले, तर लालबागचे निघाले, परळचे निघाले, वरळी कोळीवाड्यातला नौदलात होता तो एक निघाला. मी म्हटलं, मोर्चा काढा, दोन घोषणा द्या, चॅनलवाले येतील. गावडे म्हणाले, "आमका बोंब मारूची सवय नाय गो. आमका उभ्या रवाक येता. आमी फकस्त उभे रवतलव." पोलीस चौकीत आधी सांगून आले, रस्ता अडवणार नाही म्हणून कबूल झाले. पाटी मी रंगवली: 'सीमेवर उभे राहिलो, आता मतदानाच्या रांगेत उभे राहू द्या.' माझं अक्षर तिरपं गेलं म्हणून आण्णांनी मला पुन्हा रंगवायला लावली.

आता हसू नका, पण पहिले काही दिवस लोकांना ते निदर्शक वाटलेच नाहीत. गिरणगावात ब्लेझर-टोपी घातलेला म्हातारा म्हणजे सिक्युरिटी, दुसरं काय? गाडीवाले काच खाली करून विचारायचे, "अंकल, पार्किंग किधर है?" आणि आमचे सुभेदार रांगेतून न हलता, हात लांब करून, "आगे से लेफ्ट मारके पीछे" असं चोख सांगायचे. एक बाई तर आण्णांच्या हातात पार्सल ठेवून गेली. कपाळ माझं! आण्णांनी ते दुपारपर्यंत सांभाळून तिला परत दिलं.

आणि सलामाचं तर विचारूच नका. ज्या साहेबांना निवेदन द्यायचं, ते साहेब पहिल्या दिवशी गाडीतून उतरले. ठरलं होतं की गावड्यांनी दोन पावलं पुढे जायचं आणि बोलायला सुरुवात करायची. साहेब दिसले मात्र, अख्खी रांग खाडकन सावधान झाली आणि डझनभर हात टोपीला गेले. इतक्या वर्षांचं हाडीमाशी खिळलेलं! साहेबांना वाटलं, कोणी मोठा पाहुणा येणार आहे, त्याची ही मानवंदना. त्यांनी मान डोलावली आणि आत गेले. निवेदन गावड्यांच्या खिशातच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा! मी इस्पितळात जाताना समोरून बघत होते, मला हसावं की रडावं कळेना. संध्याकाळी आण्णांवर उखडलेच. "अहो, तुम्ही मागायला गेलाय की सलामी द्यायला?" आण्णा ओशाळून बूट पुसत बसले. म्हणाले, "हात आपोआप जाता गो."

मग त्यांची बैठक झाली आमच्या चाळीच्या गॅलरीत, आईनं कोकम सरबत केलं होतं. गावडे म्हणाले, "उद्यापासून सलाम बंद." एवढंच. पण ते ऐकून सगळ्यांचे चेहरे असे पडले की जणू कोणी पदकं काढून ठेवायला सांगितलीत. कोळीवाड्यातले काका म्हणाले, "सुभेदारसाब, ऑफिसरला सलाम नाही? माझ्यानं नाय व्हायचं." आण्णा त्या रात्री ब्लेझरला इस्त्री करताना तीच बाही पुन्हा पुन्हा दाबत राहिले. आई म्हणाली, "जाळतलास आता."

दुसऱ्या दिवशी मी उशिरा कामावर गेले. मुद्दाम थांबले. साहेबांची गाडी आली. दार उघडलं. रांग विश्राममध्ये, हात पाठीमागे. आण्णा माझ्या बाजूच्या टोकाला होते, मला त्यांचे मागे बांधलेले हात दिसत होते. उजवा हात सुटायला बघत होता आणि डाव्यानं तो मनगटात घट्ट पकडून ठेवला होता. साहेब दोन पायऱ्या चढले आणि थांबले. वळून म्हणाले, "काय काका, आज सलाम नाही?"

गावडे पुढे झाले. "साहेब, सलाम आम्ही देऊ शकतो, मत देऊ शकत नाही. म्हटलं, जे देता येतं ते जरा थांबवून बघावं."

साहेब माणूस वाईट नव्हता. कानशिलं लाल झाली त्यांची. सगळ्यांना आत नेलं, पंख्याखाली बसवलं, सगळ्यांचे अर्ज स्वतः घेतले. पण या निवडणुकीची यादी बंद झाली होती. पुढच्या यादीत नाव येईल, मी जातीनं बघतो, म्हणाले. आण्णा घरी आले ते केवढे खूश! मी म्हटलं, "पुढची म्हणजे कधी? या वेळचं गेलंच ना?" तर मला म्हणतात, "अगो, बसाक खुर्ची दिल्यानी." मी दाराआड जाऊन रडले. रागानं की कशानं, ते अजून सांगता येत नाही.

मतदानाच्या दिवशी ही सगळी पलटण शाळेच्या बाहेर हजर. मत नाही, नाव नाही, कोणी बोलावलेलं नाही. म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना उन्हात त्रास होतो, जरा हात देऊ. स्वतः कोण होते, तरणेताठे? पाणी दिलं, व्हीलचेअर ढकलल्या, लोकांना फाटकापासून सावलीपर्यंत आणून सोडलं. मी मत देऊन बाहेर आले तेव्हा आण्णा एका आजीबाईंना दंडाला धरून पायरी उतरवत होते. आजींनी आपलं शाईचं बोट नाचवत विचारलं, "तुमचं झालं का हो?" आण्णा म्हणाले, "झालं, झालं." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही हात पदरात लपवून तशीच पुढे गेले.

गणपतीच्या आधी ते गेले. गेटवरून घरी आले, बूट सोडायला वाकले, आणि पुन्हा वर झालेच नाहीत. लालबागेत ढोलांचा सराव चालू होता, तो तेवढ्यात थांबला होता का, असं मला उगाच वाटत राहतं. थांबला नसणार. गावडे आले, टोपी घालून आण्णांसमोर उभे राहिले आणि सलाम केला. सुभेदार, हवालदाराहून हुद्द्यानं मोठा माणूस. आधी सलाम करायचं त्यांना काही कारण नव्हतं.

बाकीच्यांची नावं यायची होती, त्यामुळे दर सोमवारी ते उभे राहतच होते. दिवाळीनंतर एका सोमवारी मी त्याच रस्त्यानं कामावर चालले होते. रांगेच्या टोकाजवळ एका माणसाएवढी जागा मोकळी. मला वाटलं, कोणी पाणी प्यायला गेलं असेल. तेवढ्यात पाठीवर मोठी बॅग लावलेला डिलिव्हरीवाला त्या फटीतून आपली बाईक ढकलत आत न्यायला लागला. गावडे म्हणाले, "तिथून नको रे बाबा. तिथे माणूस उभा आहे."

डिलिव्हरीवाल्यानं त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग गावड्यांच्या तोंडाकडे. त्यानं बाईक मागे घेतली आणि वळसा घालून गेला. मी मात्र पुढे पाऊल टाकू शकले नाही. खरं सांगते, मला दिसले आण्णा. मागे बांधलेले हात दिसले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आमच्या घरात तो कोणाचाच नाही, ते सगळं आम्ही केव्हाच सोडलं. तरी पुढे कित्येक दिवस मी लांबच्या रस्त्यानं कामावर जायची. लोअर परळच्या कुठल्याही गेटवर टोपीवाला वॉचमन दिसला की माझी नजर आधी त्याच्या हातांवर जाते. तो बिचारा मला विचारतो, "मॅडम, किसके यहाँ जाना है?"

मग चाळ पाडली, बदल्यात शेजारीच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये घर मिळालं. सामानसुद्धा अजून लागलं नव्हतं, तेव्हा यादीचं काम करणाऱ्या बाई चाळीचा पत्ता विचारत दारात आल्या. शाळेत शिकवून वर हे काम करणाऱ्या, घामानं डबडबलेल्या. हातातला कागद बघून म्हणाल्या, "भिकाजी गंगाराम तांबे आहेत का? नवीन नाव आलंय, खात्री करायची होती." आईनं पाण्याचा पेला भरला होता तो तसाच हातात राहिला. मी हसले. काय करणार, हसूच आलं. मग सांगितलं त्यांना. बाईंनी जीभ चावली, सॉरी म्हणाल्या, आणि हळूच म्हणाल्या, "मग नाव कमी करायला घरच्या कोणाचा तरी अर्ज लागेल."

मी म्हटलं, नाही देणार. बाई दोनदा येऊन गेल्या, मी दोनदा परत पाठवलं. ज्या नावासाठी तो माणूस उन्हात उभा राहिला, ते माझ्या हातानं खोडायचं? राहू दे ना यादीत. कोणाचं काय जातंय? रात्री अंथरुणात पडलं की मला बरं वाटायचं, कुठेतरी सरकारदरबारी आण्णा अजून आहेत म्हणून. वेडेपणा आहे, मला कळत होतं. पण सोडवत नव्हतं.

एक दिवस प्रचाराची दोन माणसं आली. कुठल्या पक्षाची ते राहू द्या, सगळे एका माळेचे मणी. एकानं मोबाइलवर यादी बघितली आणि म्हणाला, "ताई, काकांचं नाव आहे वाटतं अजून? असू दे, असू दे. तुम्ही नका काळजी करू, आम्ही बघतो." आणि दुसऱ्याकडे बघून हसला.

दार लावून मी वळले तर आई उभी. तिचा चेहरा असा झालेला मी आण्णा गेले तेव्हाही बघितला नव्हता. "काय बोललो तो? तेंच्या नावार दुसरो कोण बोट काळा करतलो?" मी म्हटलं, "आई, जाऊ दे गं, बोलतात असं." "जाव दे?" ती म्हणाली. "तेनी जल्मात एक मत दिल्यानी नाय, आणि मेल्यार चोरीचा देतले? बोलव त्या बायेक. पेन दी माका." माझी मान वर होईना. मी फोन केला, बाई आल्या. आईनं अर्जावर सही केली, एकेक अक्षर दाबून, सावकाश. मग उठून तोंड धुतलं आणि भात टाकला. मी रडत होते, तिनं माझ्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

काल मतदान झालं. गावड्यांचं नाव आलंय, तेही काळाचौकीला मत देणार होते. आई आणि मी आमच्या शाळेत गेलो. रांग मोठी होती. टेबलाशी पोचलो तेव्हा मी सवयीनं तिचं कार्ड पुढे केलं आणि तिचं नाव सांगायला तोंड उघडलं. बँकेत, रेशनच्या दुकानात, इस्पितळात, सगळीकडे मीच सांगते. कारण आई आण्णांचं नाव घेत नाही. तिच्या वयाच्या बायका घेतच नाहीत. आमच्या धम्मात असलं काही नाही म्हणून मी लहानपणापासून तिच्याशी वाद घातला, तिनं हसून सोडून दिलं. "तुझे बापूस", "हवालदार", "ते". मी जन्मल्यापासून तिच्या तोंडून आण्णांचं नाव ऐकलेलं नाही.

तिनं मला हातानं मागे सारलं.

"नाव काय, आजी?" टेबलामागच्या माणसानं विचारलं.

"सुलोचना भिकाजी तांबे."

आवाज इतका बारीक की त्याला कळलं नाही. "मोठ्यानं सांगा जरा, पूर्ण नाव."

आईनं टेबलाची कड धरली. मग सगळ्या खोलीला, दारातल्या पोलिसाला, बाहेरच्या रांगेलासुद्धा ऐकू जाईल असं म्हणाली, "सुलोचना. भिकाजी. तांबे."

त्या माणसानं ते नाव तसंच मोठ्यानं वाचलं. बाकावर बसलेल्या पक्षांच्या माणसांनी आपापल्या यादीत बघून खूण केली. कोणी हरकत घेतली नाही.